एकाचें आसन आणि तिघांचें

वाचकहो, मोटारींच्या शर्यतीसारखा विषय या सदरांत आलेला पाहून कांहीं ज्येष्ठ मंडळींच्या भुंवया वर चढतील, हें आम्ही जाणून आहों. गोदातीरीं राहून जुन्या पोथ्या चाळणाऱ्या पेन्शनर मास्तरास या धुरळ्याशीं काय कर्तव्य, असेंहि कोणी विचारील. परंतु ज्या घरांत नातवंडें आहेत, त्या घरांतील आजोबांस रविवारीं सायंकाळीं पडद्यावर काय चाललें आहे याविषयीं अज्ञानी राहतां येत नाहीं. आम्हांसहि तें आलें नाहीं. तरुण मंडळींच्या तोंडचें एक वाक्य आमच्या कानीं वारंवार पडूं लागलें : "अमका फॉर्म्युला वनमधून घसरला, आतां तो लांब पल्ल्याच्या शर्यतींत गाडी चालवितो." या वाक्यांतील 'घसरला' या क्रियापदाविषयीं आज चार शब्द लिहावयाचे आहेत. आमचा जन्म व्याकरण शिकविण्यांत गेला. क्रियापद चुकलें म्हणजे सारें वाक्य बिघडतें, आणि प्रसंगीं एखाद्या माणसाचें आयुष्यहि चुकीचें वाचलें जातें, असा आमचा अनुभव आहे.

प्रथम विषयाची ओळख करून देऊं. फॉर्म्युला म्हणजे सूत्र. गाडीचें माप किती, वजन किती, इंजिन केवढें, हें ज्या नियमसूत्रांत बांधलेलें असतें, त्या सूत्रावरून शर्यतीच्या वर्गास नांव पडतें. या गाड्यांच्या चाकांवर आच्छादन नसतें, आणि बसावयास मध्यभागीं एकच आसन असतें. म्हणून आम्ही त्यांस एकासनी म्हणूं. मूल आठ-दहा वर्षांचें असतांनाच 'कार्ट' नांवाच्या बुटक्या गाडीवर त्याचा श्रीगणेशा होतो. आपल्या कोल्हापुरासहि अशा गाड्यांची धांवपट्टी आहे. त्यापुढें फॉर्म्युला चार, तीन, दोन आणि शेवटीं एक, अशी उलट्या गणतीची शिडी असते. मुंबईचा जेहान दारूवाला या शिडीच्या दोन क्रमांकाच्या पायरीपर्यंत चढला, आणि डिसेंबर २०२० मध्यें बहारीनमधील साखीर येथें फॉर्म्युला दोनची शर्यत जिंकणारा पहिला भारतीय ठरला. त्याच्या वरची पायरी मात्र त्यास लाभली नाहीं. लाभावी कशी? साऱ्या जगांतून त्या पायरीवर जागा असतात वीस-बावीस!

आतां ज्याच्या निमित्तानें लेखणी उचलली, त्या करुण चंढोक याची कथा ऐका. हा १९ जानेवारी १९८४ रोजीं मद्रास शहरीं जन्मला. याचे आजोबा इंदु चंढोक हे मद्रासच्या मोटार-शर्यत मंडळाच्या संस्थापकांपैकीं, आणि वडील विकी चंढोक हे स्वतः शर्यतींत गाडी हांकणारे. तेव्हां विद्या घरचीच होती. सोळाव्या वर्षीं, म्हणजे २००० सालीं, मारुतीचें इंजिन बसविलेल्या एकासनी गाड्यांचें राष्ट्रीय अजिंक्यपद त्यानें मिळविलें. पुढल्याच वर्षीं आशियाचें पद मिळविलें. मग तो इंग्लंडांत जाऊन फॉर्म्युला तीनच्या शर्यतींत उतरला. २००७ सालीं बेल्जममधील स्पा येथें आणि २००८ सालीं जर्मनींतील हॉकेनहाइम येथें, त्या काळीं फॉर्म्युला एकच्या लगत खालीं असलेल्या जी.पी. दोन या वर्गांतील शर्यती त्यानें जिंकल्या. दहा वर्षें शिडी चढून २०१० सालीं तो अखेरच्या पायरीवर पोंचला. नारायण कार्तिकेयन २००५ सालीं तेथें गेला होता. त्याच्यामागून हा दुसरा भारतीय.

आणि तेथें त्याच्या वाट्यास काय आलें? संघ नवा, पैशाची ओढाताण, गाडी अपुरी. बहारीनच्या पहिल्या शर्यतीआधीं सरावाच्या वेळीं त्याची गाडी जोडून तयार नव्हती. ज्या फेरींत सुरुवातीचे क्रम ठरावयाचे, त्या फेरींतच तो त्या गाडींत प्रथम बसला! पाठ न करितां परीक्षेस बसलेल्या विद्यार्थ्याची दया येते. येथें तर पुस्तकच परीक्षेच्या दालनांत हातीं पडलें. तशाहि गाडींत त्यानें ऑस्ट्रेलिया व मोनॅको येथें चौदावा क्रमांक राखला. दहा शर्यती झाल्या आणि त्याच्या आसनावर दुसऱ्यास बसविण्यांत आलें. २०११ सालीं दुसऱ्या एका संघानें जर्मनींतील एका शर्यतीपुरतें त्यास आसन दिलें, इतकेंच. त्याच वर्षीं ३० ऑक्टोबरास दिल्लीजवळ भारतांतील पहिली फॉर्म्युला एक शर्यत झाली. स्वदेशांत, स्वजनांसमोर धांवण्याची केवढी आशा त्यानें धरली असेल! त्यास शुक्रवारच्या सकाळचा सराव तेवढा मिळाला. रविवारीं गाड्या सुटल्या, त्यांत तो नव्हता.

तरुण मंडळींची कथा येथें संपते. आमची येथें सुरू होते.

फ्रान्स देशांत ल मॉं नांवाचें गांव आहे. १९२३ सालापासून तेथें चोवीस तासांची शर्यत होते. शनिवारीं दुपारीं सुटलेली गाडी रविवारीं दुपारीं थांबावयाची. एक फेरी साडेतेरा किलोमीटरांहून अधिक, आणि तींतील बराच भाग एरव्हीं गांवोगांवच्या रहदारीचा साधा रस्ता. फॉर्म्युला एकची शर्यत सुमारें तीनशें किलोमीटरांची असते आणि दोन तासांच्या आंत आटोपते. येथें २०१२ सालीं विजयी झालेल्या गाडीनें ३७८ फेऱ्या, म्हणजे पांच हजार किलोमीटरांहून अधिक अंतर कापलें. एवढें एका माणसाच्यानें होणें नाहीं. म्हणून एका गाडीस तीन सारथी असतात आणि ते आळीपाळीनें बसतात. त्या २०१२ च्या जूनमध्यें एका खाजगी इंग्रज संघाच्या गाडीवर आमचा चंढोक होता. ल मॉंच्या शर्यतींत प्रत्यक्ष धांवलेला तो पहिला भारतीय. पहिले तीनहि क्रमांक ऑडी कारखान्याच्या बलाढ्य गाड्यांनीं घेतले. या तिघांची गाडी सर्वांत मिळून सहावी आली.

परंतु क्रमांकापेक्षां ते तिघे कोण होते, हें पाहण्यासारखें आहे. एक डेव्हिड ब्रॅबम. तीनदां जगज्जेता झालेल्या जॅक ब्रॅबमचा हा पुत्र. फॉर्म्युला एकमध्यें चोवीस शर्यती धांवून यास एकहि गुण मिळाला नव्हता. बापाचें नांव केवढें आणि मुलाच्या पदरीं शून्य! असल्या मुलाकडे लोक कसे पाहतात, हें वाचकांस सांगावयास नको. पण याच मुलानें पुढें दोन सोबत्यांसह २००९ सालीं ल मॉं जिंकलें. दुसरा पीटर डंब्रेक. १९९९ सालीं याच रस्त्यावर याची गाडी वेगाच्या भरांत वाऱ्यानें उचलली गेली आणि कोलांट्या खात झाडींत जाऊन पडली. दैव बलवत्तर म्हणून तो वांचला. आणि तेरा वर्षांनंतर त्याच रस्त्यावर गाडी हांकीत होता. तिसरा आमचा करुण, स्वदेशच्या शर्यतींत आसन न मिळालेला. जगाच्या भाषेंत हे तिघेहि 'घसरलेले'. त्या तिघांनीं एक गाडी चोवीस तास धांवती ठेवून सुखरूप पोंचविली.

एकासनी गाडी आणि ही सामाईक गाडी यांतील फरक एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस चटकन् कळेल. एकासनी शर्यतींत सारथ्याचा पहिला प्रतिस्पर्धी त्याच्याच संघांतला सोबती असतो. कारण दोघांस गाडी सारखी असते, आणि तुलना त्या दोघांचीच होते. सामाईक गाडींत सोबत्याचें हित तेंच आपलें हित. एकानें हौसेखातर चाकें झिजविलीं, तर त्याचें फळ दुसऱ्यानें भोगावयाचें. एक उंच, एक ठेंगणा. तेव्हां कोणासहि पुरतें मनाजोगें बसतां येत नाहीं, प्रत्येकजण थोडें सोसतो. उतरणारा सारथी बसणाऱ्याचे पट्टे आपल्या हातांनीं आवळण्यास साह्य करितो, आणि जें सांगावयाचें तें थोडक्यांत सांगतो : ब्रेक कसा लागतो आहे, रस्ता कोठें निसरडा झाला आहे. यांतलें कांहीं लपविलें, तर पुढल्याचा जीव जावयाचा.

येथें आमच्या पिढीस दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. ल मॉंचा नियम असा कीं, कोणाहि सारथ्यानें सहा तासांत चार तासांहून अधिक आणि एकंदर चौदा तासांहून अधिक चाक धरावयाचें नाहीं. कितीहि निष्णात असो, वेळ भरली कीं त्यानें उतरावेंच. घरच्या कारभाऱ्यांस असा नियम लागू असता, तर किती सुनांचे आणि किती मुलांचे आशीर्वाद त्यांस मिळाले असते! दुसरी गोष्ट उतरतेवेळींच्या निरोपाची. घर पुढच्याच्या हातीं देतांना कर्ज किती, कोणाशीं बिनसलें आहे, कोणता कागद कोठें आहे, हें आपण स्पष्ट सांगतों काय? बहुतेक घरांत पुढल्या सारथ्यास ब्रेक नादुरुस्त असल्याचें वळणावरच कळतें.

'घसरला' या शब्दाकडे पुन्हां वळूं. २०१३ सालीं चंढोक एका आयरिश संघाकडून ल मॉंस गेला, तेव्हां त्याच्या गाडींत न्यूझीलंडचा ब्रेंडन हार्टली हा तरुण होता. फॉर्म्युला एकसाठीं मुलें घडविणाऱ्या एका धनाढ्य संघानें २०१० सालीं, वयाच्या एकविसाच्या आंतच, त्यास आपल्या यादींतून काढून टाकिलें होतें. हा मुलगा पुढें पोर्श कारखान्याच्या गाडीवर गेला, २०१५ सालीं लांब पल्ल्याच्या शर्यतींचा जगज्जेता झाला आणि २०१७ सालीं ल मॉं जिंकला. ज्यांनीं काढून टाकिलें, त्यांनींच त्या वर्षाच्या अखेरीस त्यास परत बोलावून फॉर्म्युला एकमध्यें आसन दिलें. तेंहि २०१८ नंतर गेलें. मग २०२० व २०२२ सालीं टोयोटाच्या गाडीवर तो आणखी दोन वेळां ल मॉंचा विजेता झाला. आतां या माणसाच्या चरित्रांत 'घसरला' हें क्रियापद नेमकें कोठें बसवावयाचें, हें तरुण मंडळींनींच सांगावें.

चंढोकलाहि दुसरीं दारें उघडलीं. २०१४ सालीं विजेवर चालणाऱ्या एकासनी गाड्यांची नवी मालिका निघाली, तेव्हां महिंद्र कंपनीच्या संघानें त्यास घेतलें. पेकिंगच्या पहिल्या शर्यतींत तो पांचवा आला. ज्या कंपनीचा कारखाना सातपुरास नाशिककर नित्य पाहतात, तीच ही. आणि २०१० सालीं त्या अपुऱ्या संघांत जो ब्रूनो सेना याचा सोबती होता, तोच येथेंहि सोबती! पुढें दूरचित्रवाणीवर शर्यतींचें विवेचन करणारा म्हणून त्यानें नांव मिळविलें.

हा धंदा पैशाचा आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. गुण असूनहि पाठीशीं धनको नसल्यामुळें आसन न मिळालेले पुष्कळ, आणि केवळ धनकोच्या बळावर आसनस्थ झालेलेहि आहेत. चंढोकच्या मागें तीन पिढ्यांची परंपरा होती; ती सर्वांस नसते. म्हणून आपल्या नातवानें शर्यतींत उतरावें, असें आमचें सांगणें नाहीं. सांगणें निराळें आहे.

आमच्या परिचयाच्या एका घरांत एक मुलगा आहे. लोकसेवेच्या परीक्षेस तो तीनदां बसला आणि तीनहि वेळां थोडक्यांत राहिला. तिसऱ्या निकालानंतर घरांतील बोलणें त्याच्यासमोर हलक्या आवाजांत होऊं लागलें. पाहुणे आले कीं काका विषय बदलीत. दोन वर्षांनीं तो पिंपळगांवच्या बाजूस द्राक्षांच्या निर्यातीचें काम पाहूं लागला. कागद, हिशेब, परदेशचे नियम, सारें चोख. परीक्षेसाठीं केलेला अभ्यास तेथें रोज उपयोगी पडतो. चार बागाईतदार त्याच्या शब्दावर माल रवाना करितात. परंतु घरचे त्याची ओळख आजहि कशी करून देतात? "परीक्षेंत राहिला, म्हणून आतां तिकडे आहे." एवढ्या एका 'म्हणून' नें त्याचें सारें काम पुसून जातें. मुलगा ऐकतो आणि खालीं पाहतो. तें खालीं पाहणें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे, आणि हा लेख खरें म्हणजे त्यासाठीं लिहिला आहे.

हिशेबानें पाहिलें तरी शिखराच्या जागा वीस-बावीस. ल मॉंस सुमारें साठ गाड्या सुटतात, म्हणजे एकशेंऐंशींच्या आसपास सारथी लागतात. आणि त्यांतील कित्येक त्याच शिडीवर घडलेले असतात. शिडी चढतांना अंगीं आलेलें कौशल्य शिडीवरून उतरल्यानें नाहींसें होत नाहीं. तें कोठें तरी उपयोगीं आणणें, हें त्या मुलाचें काम. त्यास दार उघडें ठेवणें, हें घराचें.

तेव्हां आमची विनंति एवढीच कीं, दिवाळीस पाहुणेमंडळी जमतील आणि अशा एखाद्या मुलाचा विषय निघेल, तेव्हां तो काय होऊं शकला नाहीं हें न सांगतां तो काय करितो हें सांगावें, आणि तें पूर्ण वाक्यांत, मोठ्यानें, त्याच्यासमोर सांगावें. क्रियापद वर्तमानकाळीं असावें.