शेवटून सुरुवात

गेल्या रविवारी एका बुद्धिबळ स्पर्धेत बारा वर्षांच्या मुलाचा डाव शेजारी उभा राहून पाहिला. सिसिलियन बचावाच्या पहिल्या पंधरा चाली त्याने भराभर खेळल्या, मधल्या डावात एक प्यादं कमावलं, मारामारी करून पट मोकळा केला. शेवटी त्याच्याकडे राजा आणि एक प्यादं, समोर नुसता राजा. जिंकलेला डाव. पण राजा पुढे काढायच्या ऐवजी त्याने प्यादं ढकललं आणि डाव बरोबरीत सुटला. पोर रडवेलं झालं. वडील म्हणाले, ‘आता ओपनिंगचा आणखी एक कोर्स लावतो.’

मला त्यांना थांबवावंसं वाटलं. चूक सुरुवातीत नव्हतीच.

पट मांडा. पांढरा राजा ई४ वर, पांढरं प्यादं ई३ वर, काळा राजा ई६ वर. चाल पांढऱ्याची असेल तर डाव बरोबरीत. चाल काळ्याची असेल तर त्याच्या राजाला बाजूला व्हावंच लागतं, पांढरा राजा दुसऱ्या बाजूने पुढे घुसतो आणि प्याद्याचा वजीर होतो. आता तेच प्यादं एक घर मागे, ई२ वर ठेवा. चाल कोणाचीही असो, पांढरा जिंकतो, कारण प्यादं ई३ वर सरकवून तो खेळायची पाळी काळ्यावर टाकू शकतो. ही राखीव चाल त्या मुलाने आधीच खर्च करून टाकली होती. तीन मोहऱ्यांचा हा धडा ज्याच्या हाडात मुरला, त्याला मधल्या डावात कोणती मारामारी करायची आणि कोणती टाळायची हे कळू लागतं. सुरुवातीच्या चाली पाठ करून ही समज येत नाही. कापाब्लांकाने १९२१ साली ‘चेस फंडामेंटल्स’ लिहिलं, तेही साध्या चेकमेट आणि साध्या शेवटांपासून, म्हणजे एंडगेमपासून, सुरू केलं.

वरच्या पातळीवरही हेच. १२ डिसेंबर २०२४, सिंगापूर. जगज्जेतेपदाच्या लढतीचा चौदावा डाव, गुण साडेसहा-साडेसहा. काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या आव्हानवीर गुकेशकडे एक प्यादं जास्त होतं, पण डाव बरोबरीकडे चालला होता. पंचावन्नाव्या चालीला जगज्जेत्या डिंग लिरेनने हत्ती एफ२ वर आणला. गुकेशने हत्तींची मारामारी केली, मग ए८ च्या कोपऱ्यात अडकलेल्या डिंगच्या उंटासमोर आपला उंट आणून तीही जोडी कापली. उरली फक्त प्यादी आणि राजे, आणि तो शेवट काळ्याने जिंकलेला होता. तीन चालींत डिंगने डाव सोडला. अठरा वर्षांचा मुलगा जगज्जेता झाला.

हाच गुकेश, प्रशिक्षक विष्णू प्रसन्ना यांच्या हाताखाली, मानांकन २५०० ओलांडेपर्यंत संगणकाच्या इंजिनशिवाय शिकला. आपली मुलं हरलेला डाव फोनवर टाकतात, लाल खुणा पाहतात आणि पुढचा ब्लिट्झ सुरू करतात. यात विचार कुठे झाला? हरलेला डाव आधी वहीत लिहा, कुठे काय वाटलं होतं ते शेजारी नोंदवा, इंजिन त्यानंतर. मला हे सगळ्यात मोलाचं वाटतं, आणि नेमकं हेच कोणी करत नाही.

नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये बाटुमीला महिला विश्वचषक जिंकला आणि ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली. जिंकल्यावर ती काय म्हणाली? आपल्याला एंडगेम शिकायला हवेत. विश्वचषक हातात असताना!

तेव्हा आईबाबांनो, नवा कोर्स महिनाभर पुढे ढकला. आज रात्री मुलाला समोर बसवा, वरची तीन मोहरी मांडा, आणि काळ्याकडून तुम्ही खेळा.