सरासरीत बुडालेला जिल्हा

२२ जुलै २०२३ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील महागाव तालुक्याच्या आनंदनगर तांड्याला पुराने वेढा घातला. शंभराच्या आसपास माणसे पाण्यात अडकली आणि त्यांच्यासाठी हवाई दलाची हेलिकॉप्टरे बोलावण्याची वेळ प्रशासनावर आली. अखेर राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांनी त्यांची सुटका केली. पंचांगाप्रमाणे तो पुष्य नक्षत्राचा, म्हणजे शेतकरी ज्याला 'म्हातारा पाऊस' म्हणतो तो. त्या वर्षी श्रावण अधिक होता. दोन श्रावण येणार म्हणजे पावसाला तोटा नाही, असा भाबडा समज करून घ्यायला हरकत नव्हती. प्रत्यक्षात पाठोपाठ आलेला ऑगस्ट हा भारतीय हवामान खात्याच्या १९०१ पासूनच्या नोंदींतील देशाचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. देशभरातील तूट होती ३६ टक्के. विदर्भातही पावसाने मोठी उघडीप दिली. ज्या जमिनीवरची माती जुलैत वाहून गेली, त्याच जमिनीला महिनाभराने भेगा पडल्या. आणि हंगाम संपला तेव्हा देशाच्या खात्यावर सरासरीच्या ९४ टक्के पाऊस जमा होता. कागदावरची तूट अवघी सहा टक्के!

नदीची सरासरी खोली मोजून कुटुंबाला पार नेऊ पाहणाऱ्या आणि मध्यावर सर्वांना बुडविणाऱ्या हिशेबनीसाची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. आपले कृषी-नियोजन आजही त्या हिशेबनीसाच्या हाती आहे की काय, अशी शंका यवतमाळकडे पाहून येते.

हा जिल्हा पर्जन्यछायेतला नव्हे. वर्षाकाठी येथे सरासरी नऊशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सोलापूर वा अहिल्यानगरच्या मानाने तो कितीतरी अधिक आहे. वर्धा आणि पैनगंगा या दोन नद्या जिल्ह्याच्या सीमांवरून वाहतात. बेंबळा, अरुणावती, अडाण, पूस या त्यांच्या लेकी पोटातून वाहतात. तरीही शेतकरी आत्महत्या म्हटले की पहिले नाव यवतमाळचे येते. याचे कारण वर्षाच्या बेरजेत शोधून सापडणार नाही. शेतकरी बेरजेवर शेती करीत नाही. तो पावसाच्या क्रमावर शेती करतो.

हा क्रम कसा मोडतो ते पाहण्यासारखे आहे. मृगाच्या भरवशावर कपाशीची धूळपेरणी होते किंवा पहिल्या सरीवर सरकी टोबली जाते. मग दहा-पंधरा दिवस आभाळ कोरडे राहिले की कोंब करपतात आणि दुबार पेरणीसाठी दुसरी पिशवी कृषी केंद्रातून उधारीवर येते. पिशवीबरोबर व्याजही घरात येते. पुढे पाऊस लागला तर असा लागतो की वाफसाच होत नाही; डवरणी थांबते, तण पिकाच्या डोक्यावर चढते, खताचा पैसा ओढ्याने निघून जातो. कपाशीला पात्या-फुले लागण्याच्या आणि सोयाबीनच्या शेंगा भरण्याच्या नेमक्या वेळी आश्लेषा-मघा कोरड्या गेल्या तर फुलगळ होते, दाणा बारीक राहतो. आणि एवढ्यातून निभावलेले पीक काढणीला आले असता परतीच्या पावसाने गाठले की शेंगेतल्या शेंगेत कोंब फुटतात, बोंडे काळी पडतात. या प्रत्येक टप्प्यावर घरातले काही ना काही विकले वा गहाण टाकले जाते. वर्षअखेरीस पर्जन्यमापकाची बेरीज मात्र 'समाधानकारक' भरते.

हे असे का व्हावे? अरबी समुद्रावरून येणारे वारे आपले बहुतेक पाणी सह्याद्रीवरच रिते करतात. विदर्भाची भिस्त मुख्यतः बंगालच्या उपसागरात निर्माण होऊन ओडिशा-छत्तीसगडमार्गे पश्चिमेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांवर. ती नियमित आली की झडी लागते. मोसमी पावसाचा पट्टा हिमालयाच्या पायथ्याशी सरकला की मध्य भारत कोरडा पडतो. हे पूर्वीही होतच होते. बदल झाला आहे तो प्रमाणात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील बी. एन. गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवून दिले की, १९५१ ते २००० या काळात मध्य भारतातील मोसमी पावसाची सरासरी फारशी बदलली नाही, परंतु अतिवृष्टीच्या घटना वाढल्या आणि मध्यम पावसाच्या घटल्या. त्याच संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या चमूने २०१७ मध्ये १९५० ते २०१५ या काळाचा अभ्यास मांडला. त्यानुसार मध्य भारतातील विस्तृत क्षेत्रावरील अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या आहेत. म्हणजे बेरीज तीच, पण मुरणारा पाऊस कमी आणि वाहून जाणारा अधिक. यवतमाळचा शेतकरी 'पूर्वीसारखी झडी लागत नाही' असे म्हणतो, तेव्हा तो गतकाळाचे उमाळे काढीत नसतो. तो शास्त्रज्ञांचाच निष्कर्ष आपल्या भाषेत सांगत असतो.

येथे एका जुन्या ग्रंथाची आठवण करून देणे आवश्यक वाटते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठाराच्या आवारात अरत्निभर रुंद तोंडाचे पर्जन्यमापक पात्र ठेवण्याचा आदेश आहे. सीताध्यक्षाच्या, म्हणजे कृषिप्रमुखाच्या, कर्तव्यांचे वर्णन करताना कौटिल्य प्रदेशवार पावसाचे माप देतो: जांगल प्रदेशात सोळा द्रोण, पाणथळ प्रदेशात त्याच्या दीडपट, अश्मकात साडेतेरा, अवंतीत तेवीस. गोदावरीकाठचा अश्मक म्हणजे आपल्या यवतमाळच्या दक्षिणेचा शेजारच. परंतु तेथेच न थांबता तो पुढे सांगतो, की एकूण पावसाचा एक तृतीयांश पहिल्या व शेवटच्या महिन्यांत मिळून आणि दोन तृतीयांश मधल्या दोन महिन्यांत पडला, तर ते वर्ष उत्तम समजावे. नांगरटीला उसंत देत पडणारा पाऊसच पिकाची हमी देतो, हेही तो नमूद करतो. आमच्या पूर्वजांना सगळे ठाऊक होते, अशी फुशारकी मारण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. तसली फुशारकी फार झाली. सांगायचे आहे ते एवढेच की, चांगल्या वर्षाची व्याख्या पावसाच्या वाटणीवर करावी आणि त्यासाठी मोजमाप कोठाराच्या दारात असावे, हे ज्या राज्यशास्त्राला कळत होते त्याच्या वारसांनी आज टक्केवारीवर विसंबावे, हे शोभत नाही.

मधल्या काळात काय घडले? इंग्रजांनी १८७५ साली हवामान खाते स्थापन केले, १८८६ पासून मोसमी पावसाचे दीर्घकालीन अंदाज वर्तविण्यास आरंभ केला, आणि त्या शास्त्राचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण त्याच राज्यकर्त्यांना वऱ्हाडातून हवा होता कापूस. यवतमाळ-मूर्तिजापूर ही छोटी 'शकुंतला' रेल्वे विसाव्या शतकाच्या प्रारंभी धावू लागली ती कापसाच्या गाठी मुंबईच्या बंदराकडे नेण्यासाठी. ज्वारी, तूर, मूग आणि देशी कपाशी एकाच वावरात पेरून पावसाच्या लहरीला चार बाजूंनी तोंड देणारी शेती हळूहळू एका नगदी पिकावर येऊन ठेपली. एक पीक म्हणजे एकच डाव. १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडाने त्याची किंमत मोजली.

स्वातंत्र्यानंतर तरी डाव बदलायला हवा होता. या जिल्ह्यातील पुसदने महाराष्ट्राला वसंतराव नाईक आणि सुधाकरराव नाईक असे दोन मुख्यमंत्री दिले. सुधाकररावांनी जलसंधारणाचा ध्यास घेतला होता, हे त्यांच्या राजकीय विरोधकांनीही मान्य केले पाहिजे. तरीही १९ मार्च १९८६ रोजी याच जिल्ह्यातील चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याने पत्नी व मुलांसह जीवनयात्रा संपविली, आणि पुढे त्या घटनेचे उदाहरण राहिले नाही, ओघ झाला. २००६ च्या जुलैत तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटी रुपयांचे पॅकेज घोषित केले. त्यातून गायी वाटल्या गेल्या. गोमातेविषयी आम्हाला कोणी आदर शिकवू नये. पण ज्याच्या दावणीला चारा नाही त्याला दुभती गाय देणे हा गायीवरही अन्याय आणि शेतकऱ्यावरही. २००८ च्या कर्जमाफीने संपूर्ण माफीसाठी दोन हेक्टरांची मर्यादा घातली. विदर्भातील कोरडवाहू चार हेक्टर म्हणजे बागायतीची एक हेक्टरही नव्हे, हे दिल्लीत बसलेल्या कोणाच्या ध्यानात आले नाही.

परंतु केवळ विरोधकांचे हिशेब मांडून आमचे काम संपत नाही. २०१४ मध्ये सुरू झालेले जलयुक्त शिवार अभियान ही योग्य दिशेची योजना होती. गावोगावच्या स्वयंसेवकांनी तिच्यासाठी घाम गाळला. तथापि २०२० मध्ये महालेखापरीक्षकांनी भूजल पातळी वाढविण्यात तिला फारसे यश न आल्याचे ताशेरे ओढले. त्यातले राजकारण बाजूला ठेवले तरी, नाला खोल केला आणि त्याच्या वरच्या उतारावर बांध घातले नाहीत, असे जेथे घडले तेथे पहिल्याच मुसळधार पावसाने तो गाळाने भरला, हे नाकारता येणार नाही. २०२३ मध्ये अभियानाचा दुसरा टप्पा सुरू झाला, तेव्हा हा धडा बरोबर घ्यायला हवा होता.

दुसरी गोष्ट विम्याची. २०२३ च्या खरिपात सलग २१ दिवसांच्या पावसाच्या खंडाचा आधार घेऊन अनेक मंडळांत विम्याची २५ टक्के आगाऊ भरपाई देण्याची तरतूद कामी आली. म्हणजे सरकारने बेरजेऐवजी क्रम पाहिला. २०२५ च्या खरिपापासून राज्याने हंगामातील प्रतिकूल परिस्थिती, स्थानिक आपत्ती यांसारखे निकष वगळून विमा पुन्हा पीककापणी प्रयोगाच्या उत्पन्नावर आणला. एक रुपयाच्या विम्यात बोगस अर्जांचा सुळसुळाट झाला होता, हे खरे. चोर पकडण्यासाठी घराचे दारच काढून टाकावे काय? ज्या वर्षी हा निर्णय झाला त्याच वर्षी देशात सरासरीच्या १०८ टक्के पाऊस झाला आणि महाराष्ट्रात सोयाबीन पाण्यात कुजले. मग ऑक्टोबरमध्ये ३१ हजार ६२८ कोटींचे मदत पॅकेज जाहीर करावे लागले. हे निकष पुन्हा लागू झाले पाहिजेत. सरकार आपल्या विचाराचे आहे म्हणून हे हळू आवाजात सांगण्याचे कारण नाही. भारतीय किसान संघाची स्थापना करणारे दत्तोपंत ठेंगडी शेजारच्या वर्धा जिल्ह्यातील आर्वीचे. सत्तेत आपले असोत वा परके, शेतकऱ्याची बाजू त्यांनी कधी हळू आवाजात मांडली नाही.

मार्ग दाखविणारी माणसे जिल्ह्यातच आहेत. रासायनिक शेती सोडून नैसर्गिक शेतीकडे वळलेले यवतमाळचे सुभाष शर्मा यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. शेतातले पाणी आणि माती शेतातच थांबविणे, झाडे राखणे, गाय आणि पक्षी यांना शेतीचे भागीदार मानणे, ही त्यांची रीत. जमिनीत सेंद्रिय अंश वाढला की तीच जमीन अतिवृष्टीत अधिक पाणी पिते आणि खंडात ते पिकाला पुरवते. यवतमाळचे दीनदयाल बहुउद्देशीय प्रसारक मंडळ पारधी समाजात आणि आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या कुटुंबांत काम करते. घरातला कर्ता गेल्यानंतर त्या घरातल्या मुलांचे शिक्षण थांबू न देणे हे पॅकेजच्या कोणत्याही रकान्यात न बसणारे काम आहे.

आमच्या कार्यकर्त्यांना एक लहानसे काम सुचवावेसे वाटते. महसूल मंडळात एका ठिकाणी यंत्र असते आणि पंधरा-वीस गावांचा पाऊस त्यावरून ठरतो. चोवीस तासांत ६५ मिलिमीटर झाला तर अतिवृष्टी, ६४ झाला तर नाही. यंत्र असलेल्या गावी आभाळ कोरडे आणि आठ किलोमीटरवर शिवार खरडून गेलेले, असे यवतमाळच्या टेकड्यांत सहज घडते. ज्या गावात आपली शाखा वा संपर्क आहे, त्या गावात एक साधे पर्जन्यमापक झाडाझुडपांपासून दूर उघड्यावर बसवावे. हवामान खात्याची मोजणी सकाळी साडेआठला होते. तीच वेळ पाळावी. एका वहीत तारीख, नक्षत्र आणि मिलिमीटर लिहावे, महिन्याला ती शाळेतल्या मुलांकडून ग्रामपंचायतीच्या फलकावर उतरवून घ्यावी. शासन ही नोंद लगेच पुरावा म्हणून मान्य करील असे नाही. पण पंचनाम्याला आलेल्या तलाठ्यापुढे आणि ग्रामसभेपुढे ती ठेवता येईल. पावसाचे दिवस लिहायला उत्साह असतो. ज्या दिवशी पाऊस पडणार नाही, त्या दिवशीही न कंटाळता शून्य लिहावे. एकवीस शून्ये ओळीने लिहिलेली असली, तर खंड पडला होता हे कोणाला तोंडाने सांगावे लागत नाही.