सुईदोरा : चिंध्यांची पिशवी, मानाची पिशवी



मागच्या अंकात आम्ही गोधडीविषयी लिहिलं, त्यावर दोन तऱ्हेचे फोन आले. वयस्कर मंडळी म्हणाली, "आता एवढी मोठी गोधडी मांडीवर कोण घेणार? डोळे साथ देत नाहीत, बोटं वळत नाहीत." मुलांनी विचारलं, "आजीच्या साड्यांचे तुकडे उरलेत, ते फेकून द्यायचे का?" दोघांनाही उत्तर एकच आहे : छोटी पिशवी शिवा. ती मांडीवर मावते, दोन-तीन बैठकांत पुरी होते आणि बोटभर चिंधीसुद्धा तिच्यात कामाला येते.

आधी थोडे शब्द. मुलांनो, हिब्रूत तुम्ही 'तिक' म्हणता, 'अर्नाक' म्हणता, आणि काम भागतं. आपल्या मराठीत मात्र पिशवीपिशवीला वेगळं नाव. दोरी ओढली की तोंड मिटतं तो बटवा. त्यात सुंठ, ओवा, जायफळ असं घरगुती औषध असायचं, म्हणून तर 'आजीबाईचा बटवा' म्हणतात. पानसुपारीसाठी कप्प्याकप्प्यांची, गुंडाळून दोरीनं बांधायची ती चंची. पैसे घालून कमरेला बांधायचा तो कसा. खांद्याला अडकवायची ती झोळी. कोकणात आपल्या आज्या-पणज्या कापड शेवटच्या धाग्यापर्यंत वापरत. लुगडं विटलं की त्याची गोधडी, गोधडी विरली की पायपुसणं, आणि मधे जे धड तुकडे निघतील त्यांचे बटवे.

आता मुख्य गोष्ट. या पिशव्या आम्ही विकत नाही, घरीही ठेवत नाही. त्या दान देण्यासाठी आहेत. पण दानाचाही एक कायदा आहे. तलमूदमध्ये रब्बी अब्बांची हकीगत आहे. ते पैसे आपल्या उपरण्यात बांधत, ते उपरणं पाठीवर टाकत आणि गरिबांमध्ये जाऊन उभे राहत. ज्याला गरज असेल त्यानं मागून हात घालून घ्यावं. घेणाऱ्याचं तोंड देणाऱ्याला दिसू नये, त्याला लाज वाटू नये, एवढाच हेतू. रामबाम यांनी त्सदाकाच्या आठ पायऱ्या सांगितल्या, तिथेही हीच गोष्ट येते. पाहा, कापडाची एक गाठोडी, पण तिच्यात पैशाबरोबर माणसाचा मानही बांधलेला आहे.

आम्ही नर्स म्हणून आयुष्य काढलं, म्हणून आम्हांला या गोष्टीवरून वॉर्ड आठवतो. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं की पुष्कळदा जखमेतलं पाणी बाहेर काढायला एक नळी ठेवतात. नळीच्या टोकाला छोटी बाटली किंवा रबरी फुगा असतो. त्याला ड्रेन म्हणतात. बाई घरी जाते, पण ड्रेन काही दिवस, कधी आठवडा-दोन आठवडे अंगावरच असतो. ही बाटली ठेवायची कुठे? खिशात मावत नाही. हातात धरली तर तो हात अडकला. आम्ही कित्येक बायकांना ती दुकानातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नेताना पाहिलं आहे. आतलं लाल पाणी सगळ्यांना दिसतं. मग बाई घराबाहेर पडायचीच बंद होते. सिनेगॉगला जात नाही, नातवाला शाळेतून आणायला जात नाही. डॉक्टर सांगतात थोडं चाला, आणि ही खोलीत बसून राहते. दुखण्यापेक्षा लाज जास्त.

त्यासाठी आमच्या क्लबातल्या बायका ड्रेनची पिशवी शिवतात. दिसायला साधी पर्स, गळ्यातून तिरकी घालायची. आतमध्ये काय आहे ते कुणाला कळत नाही. कशी शिवायची ते सांगतो.

पहिलं काम म्हणजे ज्या वॉर्डाला द्यायची तिथल्या सिस्टरना आधी विचारा. बाटल्यांचे आकार सगळीकडे सारखे नसतात. त्यांनी हो म्हटल्यावरच कात्री हातात घ्या.

कापड सुती घ्या. जुनी साडी, परकर, शर्ट, चादर, काहीही चालेल, पण उजेडासमोर धरून पाहा. विरलेलं असेल तर नको. सगळं कापड गरम पाण्यात धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्या, म्हणजे शिवल्यावर आटणार नाही. वासाचं सॉफ्टनर घालू नका. आजारी माणसाला वास सोसत नाही.

८ सेंटिमीटरचे चौकोन कापा. शिवण सगळीकडे १ सेंटिमीटर. आडवे ३ आणि उभे ४ जोडले की एक बाजू होते. दोन बाजूंना मिळून २४ चौकोन. तयार पिशवी १८ सेंटिमीटर रुंद, २४ सेंटिमीटर उंच होते. आतलं अस्तर मात्र अखंड कापडाचं घ्या, म्हणजे नळी कुठल्या शिवणीत अडकत नाही. तोंड उघडंच ठेवा. चेन नको, हूक नको, कारण नळी बाहेर यायला वाट हवी आणि ती दबता कामा नये.

पट्ट्यासाठी १० सेंटिमीटर रुंद आणि १३० सेंटिमीटर लांब पट्टी घ्या. दोन्ही कडा एकेक सेंटिमीटर आत वळवा, मग मधोमध दुमडून शिवा. ४ सेंटिमीटरचा पट्टा होतो, खांद्यात रुतत नाही. बारीक दोरी लावू नका. पट्टा एका बाजूला शिवून टाका आणि दुसऱ्या बाजूला बांधायला सोडा, कारण कुणी उंच, कुणी ठेंगणी. बाटली जखमेच्या खाली राहिली पाहिजे आणि पट्टा ऑपरेशन न झालेल्या खांद्यावर आला पाहिजे. एवढं चिठ्ठीवर लिहून पिशवीत घाला, हिब्रूत आणि मराठीत.

शेवटी सुया मोजा. ऑपरेशन थिएटरमध्ये पोट शिवण्याआधी सुया, कात्र्या, गॉझ सगळं मोजतात. आमचा क्लबातही तोच नियम आहे. बसताना जितक्या सुया, उठताना तितक्याच. पिशवीत राहिलेली एक टाचणी सगळ्या पुण्यावर पाणी फिरवील.

काही जणींनी विचारलं, की लोकरीचा तुकडा लावला तर चालेल का? तोरा सांगते, लोकर आणि ताग्यातलं जवसाचं सूत, म्हणजे लिनन, एकत्र करून अंगावर घालू नये. हेच शाआत्नेझ. जुन्या कोटाच्या चिंध्यांत दोन्ही असू शकतं. म्हणून आम्ही सुतीच वापरतो, शंकाच नको. आणि शब्बाथला सुई बंद. मिष्नात मना केलेल्या ३९ कामांत 'दोन टाके घालणं' हे वेगळं नोंदलेलं आहे. कोकणात आपल्याला शनिवार तेली म्हणत, ते शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणूनच ना! घाणा थांबत होता, तर सुईचं काय!

आता एक गोष्ट मोठ्या बायकांसाठी. आपल्या पिढीत या आजाराचं नाव कुणी घेत नसे. हाताला गाठ लागली तरी पदर घट्ट लपेटायचा आणि गप्प बसायचं. आम्ही वॉर्डात पाहिलं आहे, उशिरा येणाऱ्या बायका दुखत नव्हतं म्हणून उशिरा येत. अशी गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही, हीच तर तिची लबाडी. क्लबात पिशव्या शिवायला बसलो, की हात चालतात आणि तोंडंही उघडतात. तिसऱ्या की चौथ्या बैठकीला आमच्यातली एक जण खाली मान घालून टाके घालता घालता म्हणाली, "मलासुद्धा काहीतरी लागतंय." दुसऱ्या दिवशी दोघी जणी तिच्याबरोबर कुपत खोलिमला गेल्या. तपासणी झाली, गाठ साधी निघाली. पण ती बोलली हे मोठं. म्हणून सांगतो, पिशवी शिवा न शिवा, मॅमोग्राफीचं बोलावणं आलं की उठून जा. ऐंशीच्या घरात असाल आणि बोलावणं येत नसेल, तरी गाठ लागली, कातडी ओढल्यासारखी दिसली, तर लगेच दाखवा.

आणि देताना फाटकं-तुटकं देऊ नका. आमच्याकडे एकच कसोटी आहे : ही पिशवी उद्या आपल्या गळ्यात घालायची वेळ आली, तर आवडीनं घालू का? नाही म्हणालात तर उसवा. चिंधीची वस्तू द्यावी, पण वस्तू म्हणून चिंधी देऊ नये.

मुलांनो, तुमचं काम सोपं पण महत्त्वाचं आहे. आजीला सुईत दोरा ओवून द्या, एका वेळी दहा सुया. तिचे डोळे आणि तुमचे डोळे मिळून एक पिशवी होते. रंग तुम्ही निवडा. पुरीमला, ज्याला आपले पूर्वज होळीचा सण म्हणत, गरिबांना दान द्यायचं असतं, हे एस्तेरच्या पुस्तकात लिहिलं आहे. रीत अशी, की निदान दोघांना द्यावं. ते पैसे घालायला उरलेल्या चौकोनांचे दोन छोटे बटवे शिवा. बटवा ज्याला मिळेल त्यानं ठेवून घ्यावा, परत मागू नका.

पुढच्या अंकात चंची. तोपर्यंत घरातल्या आजी-आजोबांना विचारून ठेवा, चंचीला किती कप्पे असायचे आणि प्रत्येकात काय असायचं. उत्तरं मराठीत लिहा, अक्षर वाकडं असलं तरी चालेल.

सर्वांना शालोम.