वणव्याचं मानधन आणि कापलेला टॅक्स

फेब्रुवारी उजाडला की कर्जत-खालापूरच्या डोंगरावरचं गवत कडकडीत वाळतं आणि कुठून तरी धूर दिसायला लागतो. कुणी नव्या गवतासाठी पेटवतं, कुणी मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून, कधी सहलीला आलेल्याची सिगारेट. बंब डांबरी रस्त्यापर्यंत येतो. पुढे ठाकुरवाडीतली माणसंच ओल्या फांद्यांनी आग झोडपतात. जाळरेषा साफ करणंही त्यांच्याकडेच. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हाही यंत्रं वर पोहोचली नाहीत, माणसंच चढून गेली. नवी मुंबई अग्निशमन दलातल्या एका अधिकाऱ्याचा तर चढतानाच हृदयविकाराने मृत्यू झाला.

मी कर्जतला छोट्या दुकानदारांची रिटर्न्स भरते. गेल्या वर्षी वाडीतली एक वहिनी प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन आली. २०२४ च्या उन्हाळ्यात तिने वणव्याची राखण केली होती. हंगामाचे ३६ हजार ठरले होते, हाती आले २८ हजार ८००. "ताई, आम्हाला पण इन्कम टॅक्स? आदिवासींना माफ असतो ना?"

हा गैरसमज सगळीकडे आहे. अशी माफी आहे, पण ती ईशान्येकडचे ठरावीक प्रदेश आणि लडाख इथल्या जमातींना, तिथल्याच उत्पन्नावर. आपल्या ठाकूर-कातकऱ्यांना नाही. अर्थात तिला कर लागतच नव्हता. त्या वर्षी नव्या प्रणालीत सात लाखांपर्यंत शून्य कर होता, आता बारा लाखांपर्यंत आहे.

मग ७,२०० गेले कुठे? पैसे देणाऱ्या संस्थेने तिचं मानधन 'प्रोफेशनल फी' म्हणून दाखवलं होतं. म्हणजे वहिनी वकील-डॉक्टरांच्या रांगेत! अशी फी वर्षाला ३० हजारांवर गेली की १० टक्के कापायचे असा तेव्हा नियम होता (एप्रिल २०२५ पासून मर्यादा ५० हजार झाली). त्यात तिचं पॅन आधारला जोडलेलं नव्हतं. असं पॅन १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय, म्हणून थेट २० टक्के. मजुरी म्हणून दिले असते, तर एवढ्या उत्पन्नावर एक रुपयाही कापला गेला नसता.

कापलेले पैसे रिटर्न भरलं की परत मिळतात, बोलायला सोपं. पॅन जोडायला हजार रुपये दंड. आधारवर सासरचं नाव, पॅनवर माहेरचं. ही अडचण किती जणींची असेल, तुम्हीच आठवून पाहा. दुरुस्तीसाठी तीन खेपा, म्हणजे तीन दिवसांची मजुरी बुडाली. ऑगस्टमध्ये रिटर्न भरलं, ऑक्टोबरमध्ये पैसे आले. मी फी घेतली नाही म्हणून बरं.

माझं भांडण टॅक्सशी नाही, 'मानधन' या शब्दाशी आहे. अंगणवाडी सेविकांना, आशाताईंना तो चांगलाच ठाऊक आहे. मानधन म्हटलं की किमान वेतन मागता येत नाही, हात भाजला तर भरपाईचा हक्क सांगायला जीभ अडखळते. कापायच्या वेळी मात्र तीच बाई 'प्रोफेशनल'. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क दिला, तेव्हा त्यांचं मानधन हे वेतनच आहे असं मान्य केलं. वणवा विझवणारीला तो न्याय अजून कुणी लावलेला नाही.

बाहेर याचा विचार झालाय. फ्रान्समध्ये स्वयंसेवक अग्निशामकांच्या भत्त्यावर आयकर नाही. कॅनडात वर्षाला किमान २०० तास सेवा दिली की करात सवलत मिळते, आणि २०२४ पासून तिची रक्कम तीन हजारांवरून सहा हजार डॉलर केली आहे. आपल्याकडे वेगळी सवलत नको, व्हाउचरवर खरा शब्द लिहिला तरी पुष्कळ.

यंदा हंगामाआधी वहिनी पुन्हा आली. सही करायच्या आधी कागद वाचून घ्यायचा होता तिला. त्यावर 'मानधन'च होतं. "मग मजुरी लिहून आणायला सांगू का?" तिने विचारलं. सांग म्हटलं, आणि नाही म्हणाले तर मला घेऊन चल.