मे महिन्याला माणूस हवा

२०२५ साली राज्यातल्या पहिली ते नववीच्या परीक्षा २५ एप्रिलपर्यंत लांबल्या. शैक्षणिक वर्षाचे दिवस पुरेपूर वापरले जावेत, हा शिक्षण खात्याचा हेतू; पण एप्रिलच्या रखरखाटात वर्ग भरवण्यावरून पालक आणि शिक्षक दोघंही चिडले. १ मेला निकाल लागले आणि महिना संपायच्या आत पाऊसच दारात आला. मॉन्सून २४ मे रोजी केरळात पोहोचला, २६ तारखेला मुंबईत. फलटणसारख्या कायम आभाळाकडे डोळे लावून बसणाऱ्या भागातही त्या मे महिन्यात धो धो पाऊस झाला. वाळवणं गोळा करून घरात घ्यावी लागली. १६ जूनला शाळेची घंटा वाजली, तेव्हा मुलांच्या वाट्याला खरा कोरडा उन्हाळा जेमतेम तीन आठवडे आला होता.

या तीन आठवड्यांवरही अनेकांचा डोळा असतो. साताऱ्यात राजवाड्याकडे जा किंवा सांगलीत विश्रामबागेत, एप्रिल उजाडला की फलक लागतात: अबॅकस, हस्ताक्षर, स्केटिंग, कोडिंग, व्यक्तिमत्त्व विकास. सहा वर्षांच्या पोराचं व्यक्तिमत्त्व दहा दिवसांत विकसित करून देणाऱ्यांच्या आत्मविश्वासाला दाद द्यायला हवी. सकाळी सात ते नऊ पोहणं, दहा ते बारा चित्रकला, दुपारी वैदिक गणित. शाळेला सुट्टी लागते, मुलाला लागत नाही.

म्हणून शिबिराला पाठवणाऱ्या आईबापांना झोडपणं सोपं आहे, पण ते न्यायाचं नाही. दोघंही नोकरीला, आजीचे गुडघे दुखतात, मामा पुण्यात दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहतो आणि त्याचीच मुलं शिबिराला जातात. अशा घरात दहा ते पाच पोराने जायचं कुठे? कित्येक घरांत शिबिराची फी हा संस्कारांचा नव्हे, मूल सांभाळण्याचा खर्च असतो. तसं उघड बोलायला संकोच वाटतो म्हणून फलकावर ‘सर्वांगीण विकास’ छापलेलं असतं.

जुना उन्हाळा बिनवेळापत्रकाचा होता, तो आपोआप नव्हे. मामाच्या गावाला नेणाऱ्या आगगाडीचं गाणं लिहिणारे ग. दि. माडगूळकर १९१९ साली शेटफळे या आपल्या आजोळी जन्मले. आज हे गाव सांगली जिल्ह्याच्या आटपाडी तालुक्यात येतं. त्या गाण्यात मामाच्या गावाचा थाट आहे, तशी रांधणारी मामीही आहे. पण महिनाभर आठ-दहा भाचरं घरात असताना तिला सुट्टी होती का, हे कुणी विचारलं नाही. मुलांच्या मोकळेपणामागे एका बाईचा भरगच्च दिवस उभा असायचा. आज सुटीतला मोकळेपणा परत आणायची भाषा करणाऱ्यांनी हे काम यापुढे कोण करणार, तेही सांगावं. पुन्हा मामीच, हे उत्तर चालणार नाही.

त्या भरगच्च दिवसात मुलांना मात्र जागा होती. कुरडयांचंच घ्या. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून, पिळून सत्त्व काढायचं आणि रात्रभर निवळू द्यायचं. पहाटे वरचं पाणी ओतून टाकून, हिंग-मीठ घातलेल्या आधणात ते सत्त्व वैरायचं आणि गुठळी होऊ न देता हाटत राहायचं. पोरं तोवर वाट्या घेऊन चुलीभोवती बसलेली. गरम चीक, वर तेलाची धार. जीभ पोळते तरी दम निघत नाही. उन्हं चढायच्या आत सोऱ्यातून कुरडया घालून व्हायच्या आणि काठी घेऊन कावळे राखायचं काम धाकट्यांकडे यायचं. ओलसर कुरडया कावळ्यांपेक्षा राखणदारच जास्त फस्त करायचे, हे सगळ्यांना ठाऊक असायचं आणि दोन पायल्या गहू त्या हिशेबानेच भिजत घातलेले असायचे. यातून मुलांची ‘सूक्ष्म कारक कौशल्यं’ वाढतात, असं आता कुणीतरी म्हणेल. वाढत असतीलही. पोरं चिकासाठी जमायची.

दुपारी पत्ते. गड्डा-झब्बू, बदाम सात, मेंढीकोट. रडीचा डाव कुणाचा, यावरून भांडण, अबोला आणि अर्ध्या तासात पुन्हा नवा डाव. भांडण मिटवायला कुणी प्रशिक्षक लागत नसे, कारण घरातलं मोठं माणूस माजघरात आडवं झालेलं असायचं. ते मध्ये पडत नसे. फार आवाज झाला तर आतून एक हाक यायची, तेवढ्यावर भागायचं.

पाण्याच्या बाबतीत मात्र अशी एक हाक पुरत नाही. मळ्यातल्या विहिरीवर पाठीला डबा नाहीतर कोरडा भोपळा बांधून पोरांना पोहायला शिकवणारा एखादा काका दर गावात असायचा. आता विहिरींवर तो काका दिसत नाही, पोरं मात्र उन्हाळ्यात पाण्याकडे धावतातच. दर मे महिन्यात बुडण्याच्या बातम्या येतात. कृष्णाकाठी औदुंबर, भिलवडीपासून सांगलीपर्यंत मगरींचा वावर आहे, त्यात माणसांचे जीवही गेले आहेत. “आम्ही नाही का नदीत डुंबलो” हे बोलायला ठीक. आजची नदी आणि तिचा काठ पूर्वीसारखा राहिलेला नाही. मुलांना वेळापत्रक नको म्हणताना त्यांना वाऱ्यावर सोडून चालत नाही. शिबिरवाले निदान हजेरी तरी घेतात.

मग मुलांवर लक्ष ठेवायला लागणारा मोठ्यांचा वेळ आणायचा कुठून? एक उत्तर कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांच्या वडगावने २०२२ मध्ये शोधलं. तीनेक हजार वस्तीचं हे गाव. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि पुढचा दीड तास टीव्ही, मोबाइल बंद. सरपंच विजय मोहिते यांनी हा विषय आधी महिलांच्या बैठकीत मांडला. मालिकांचं वेड आपल्यालाच लागलंय, हे बायकांनी कबूल केलं आणि भोंग्याला होकार दिला. पुरुषांना तो आधी हसण्यावारी न्यायचा विषय वाटला होता. सुरुवातीला आशा सेविका, अंगणवाडी ताई, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघरी फिरून आठवण करून देत होते. करोनाच्या काळात ऑनलाइन वर्गांमुळे मुलांच्या हाती आलेला मोबाइल सुटत नव्हता, हे भोंग्याचं निमित्त. त्यावरचा उपाय मात्र एकट्या मुलांवर न टाकता गावाने बापाच्याही हातातला फोन खाली ठेवायला लावला.

वडगावचा दीड तास मुख्यतः मुलांच्या अभ्यासासाठी ठरला. मे महिन्यात तोच दीड तास अभ्यासाविना, नुसता ओट्यावर बसायला ठेवावा, असं सुचवायला हरकत नसावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशीनुसार तीन-चार वर्षांच्या मुलांनी दिवसाला किमान १८० मिनिटं हालचाल करावी आणि पडद्यासमोर एका तासाहून जास्त बसू नये. हे आकडे बघून घाबरलेले आईबाप लगेच मुलाला जिम्नॅस्टिक्सला घालतात. वास्तविक गल्लीत लगोरी रंगली की १८० मिनिटं कुठे गेली ते कळतही नाही.

साताऱ्याकडे दुसरं उदाहरण आहे. पाचगणीजवळचं भिलार स्ट्रॉबेरीसाठी प्रसिद्ध होतंच, ४ मे २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव झालं. गावकऱ्यांनी आपली घरं, ओसऱ्या वाचकांसाठी खुल्या केल्या. कुणाच्याही दारात जाऊन बसावं, वाटेल ते पुस्तक काढावं, कंटाळा आला की मिटून उठावं. गोषवारा कुणी विचारत नाही. सहलीच्या धबडग्यात तिथेही ‘मुलांना काय शिकायला मिळालं’ विचारणारे पालक भेटतात, तो भाग वेगळा.

मोकळी सुट्टी सगळ्यांच्याच वाट्याला येते असंही नाही. माण, जत, आटपाडीकडे पाण्याची टंचाई असते तेव्हा कित्येक मुलांची सुट्टी हंडे-कळश्यांच्या खेपांत जाते. ऊसतोड्यांच्या मुलांचं तर वर्षभराचं शाळेचं गणितच गाळप हंगामाने विस्कटलेलं असतं. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेच्या ३१व्या कलमात विश्रांती, फुरसत आणि खेळ हा प्रत्येक मुलाचा हक्क म्हटला आहे. भारताने ती संहिता १९९२ मध्ये स्वीकारली. २०२४ पासून ११ जून हा आंतरराष्ट्रीय खेळ दिवसही झाला आहे. आपल्याकडे ११ जूनला पालक वह्या-पुस्तकांच्या दुकानासमोर रांगेत उभे असतात.

शिबिरं बंद करा, ही मागणी व्यर्थ आहे. मागायचंच तर नगरपालिका आणि जिल्हा परिषदेकडे मागावं. मे महिन्यात शाळांना कुलूप लागतं आणि पटांगणही आत अडकून पडतं. ते सकाळ-संध्याकाळ उघडं ठेवायला फार तर एका शिपायाचं मानधन लागेल. सांगली नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं २०१९ च्या महापुरात भिजून गेली. अशा वाचनालयांच्या बालविभागाला उन्हाळ्यापुरती तरी जादा मदत मिळावी. वाईच्या आणि कराडच्या घाटांवर सुटीत जीवरक्षक नेमावेत. आणि कारखाने, बँका, कचेऱ्यांनी मे महिन्यात लहान मुलांच्या आईबापांना आळीपाळीने अर्ध्या दिवसाची रजा द्यावी. बापांनाही, आणि ती त्यांनी घ्यावी.