तहसील, महसूल आणि असामी : आदत्त शब्दांमागील अरबी व्याकरण

मराठीच्या ऐतिहासिक अभ्यासात आदत्त शब्दांचे प्रकरण शिकवले जाते ते बहुधा यादीच्या स्वरूपात. ‘फारसी शब्द’ या एकाच मथळ्याखाली हुकूम, जमीन, वकील, दरवाजा, कायदा असे शब्द ओळीने दिले जातात आणि विद्यार्थी ते परीक्षेत उतरवतो. वस्तुतः यांपैकी जमीन व दरवाजा तेवढे फारसी. हुकूम, वकील, कायदा हे फारसीच्या मार्गे आले असले तरी मुळात अरबी. मोल्सवर्थच्या कोशाने (दुसरी आवृत्ती १८५७) हा भेद शब्दागणिक नोंदवला होता. तो वर्गात पुसला गेला, याचे नुकसान केवळ व्युत्पत्तीपुरते नाही. अरबी शब्दाला कूळ असते. ते ओळखण्याची रीत न शिकवल्यामुळे पदव्युत्तर विद्यार्थ्याला मोडी लिपी आली तरी आपल्या गावचा कागद उमगत नाही.

बारामती म्हटले की मराठीच्या अध्यापकाला मोरोपंत (१७२९–१७९४) आठवतात, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या बाबूजी नाइकांच्या आश्रयाने पंत तेथे राहिले, त्यांच्यासारख्या सरदार-सावकारांचे दफ्तर आर्येच्या संस्कृतप्रचुर भाषेत चालत नव्हते. शेजारच्या इंदापुराचे महत्त्व तर दफ्तरासाठीच आहे. प्रिंगल यांची आकारणी रयतेला पेलवेनाशी झाल्यावर गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५-३६ मध्ये इंदापूर तालुक्यातच नव्या पाहणीस आरंभ केला, आणि तोच पुढे मुंबई इलाख्याचा नमुना ठरला. राज्यकर्ते इंग्रज, शेतकरी मराठी, परिभाषा मात्र बव्हंशी अरबी-फारसी. मराठी विभागांनी हे सारे इतिहासाच्या विभागाकडे सोपवून दिले आहे; यात संकोच कमी आणि आळस अधिक आहे.

अरबी शब्दाचा कणा बहुधा तीन व्यंजनांचा असतो. स्वर व काही उपसर्ग ठरावीक साच्यांत बसवून त्यातून नामे व क्रियापदे घडतात. ‘ह-स-ल’ म्हणजे मिळणे, प्राप्त होणे. ‘फाइल’ या कर्तृवाचक साच्यातून ‘हासील’, ‘मफ्ऊल’ या कर्मवाचक साच्यातून ‘महसूल’, आणि मधले व्यंजन द्वित्त करून सिद्ध होणाऱ्या क्रियापदाचे भाववाचक नाम ते ‘तहसील’. द्वित्ताने अर्थाला प्रयोजकता येते. मराठीत ‘मिळणे’चे ‘मिळवणे’ व्हावे तसे. जे मिळाले तो महसूल, ते मिळवण्याची क्रिया तहसील. मग तहसील हे कचेरीचे आणि प्रदेशाचे नाव कसे झाले, हे वेगळे सांगावे लागत नाही. ‘तालुका’ आणि ‘इलाखा’ यांचाही धातू एकच, जोडलेले असणे या अर्थाचा. अंमल, मामूल, मामला हे तिघे एका घरचे, आणि मामलेदार त्यांच्याच आधाराने उभा.

नामांची कथा याहून रंजक आहे. अरबी वैयाकरण नामाला ‘इस्म’ म्हणतात. मराठीत त्याचा ‘इसम’ झाला, म्हणजे नावाचा माणूस झाला. आणि त्याच शब्दाच्या अनेकवचनाचे अनेकवचन असलेला ‘असामी’ शब्द जमिनीच्या कागदात एका खातेदाराला लागला. अरबीत पुष्कळ अनेकवचने प्रत्यय न लावता शब्दाच्या आतील स्वर पालटून होतात. मराठीने ती ओळखली नाहीत, ओळखण्याचे कारणही नव्हते. ‘हाल’चे अनेकवचन ‘अहवाल’, ‘अमीर’चे ‘उमरा’. आपण ‘एक अहवाल’ आणि ‘एक उमराव’ म्हणतो. लिंगाचेही तसेच. कायदा, दाखला, मामला यांची अरबी मूळरूपे स्त्रीलिंगी. पण मराठीत आकारान्त नाम पुल्लिंगी ठरण्याची सवय प्रबळ, म्हणून कायदे, दाखले, मामले. तोच स्त्रीलिंगी प्रत्यय जेथे फारसीने ‘त’ म्हणून उच्चारला तेथे हकीकत, मिळकत, रयत हे शब्द मराठीतही स्त्रीलिंगी राहिले. मराठी लिंगव्यवस्थेचा याहून स्वच्छ पुरावा पाठ्यपुस्तकांतील उदाहरणांत क्वचितच सापडेल.

क्रियापदांच्या बाबतीत मराठीने दार जवळजवळ बंद ठेवले. ‘हसल’ (मिळाले), ‘यह्सुलु’ (मिळते) अशी पुरुष-लिंग-वचनाने चालणारी रूपे आपल्याकडे आलीच नाहीत. भाववाचक नामे व धातुसाधिते घेऊन त्यांना ‘करणे’, ‘होणे’ जोडले गेले : वसूल करणे, दाखल होणे, मंजूर करणे. फारसीनेही अरबी शब्दांपुढे आपले ‘कर्दन’ जोडूनच काम भागवले होते. ‘बदलणे’, ‘कबूलणे’ यांसारखी थोडी क्रियापदे दिसतात, तीही अरबी नामावरून मराठीने स्वतः घडवलेली.

अर्थात या रीतीचा अतिरेकही होऊ शकतो. मराठी बोलणाऱ्याच्या मनात त्रिव्यंजनी धातू नसतो. तेव्हा मराठीच्या वर्णनात्मक व्याकरणात हे साचे घुसवणे चूकच होय. शिवाय अरबीची चार वेगळी व्यंजने मराठीत एकाच ‘ज’मध्ये मिसळली आहेत. ‘नजर’, ‘नाजर’, ‘मंजूर’ हे एका धातूचे. ‘नजराणा’ मात्र नवस-भेट या अर्थाच्या दुसऱ्याच धातूचा. ‘जामीन’ अरबी, ‘जमीन’ फारसी. कानावर विसंबून कुळे जुळवू लागणारा उत्साही विद्यार्थी येथे हमखास फसतो, म्हणून मोल्सवर्थ आणि माधवराव पटवर्धनांचा ‘फार्शी-मराठी कोश’ (१९२५) हाताशी हवेत.

त्यासाठी अध्यापकाने अरबी भाषा शिकण्याची गरज नाही. पाच-सहा साचे आणि दहा-बारा धातू एवढी शिदोरी मोडीच्या अभ्यासपत्रिकेत चार तासिकांत देता येते. उदाहरणे शोधायला लांब जाणे नको. बारामती-इंदापुरात आज ‘मुकादम’ म्हणजे ऊसतोडीच्या टोळीचा म्होरक्या. जुन्या कागदांत ‘मोकदम’ म्हणजे गावचा पाटील. ‘पुढे केलेला’ हा कर्मवाचक साच्याचा अर्थ ठाऊक असला की दोन्ही अर्थ एका जागी येतात. तो ठाऊक नसला तर वतनाच्या कागदातला मोकदम विद्यार्थ्याला मजुरांचा ठेकेदार वाटतो, आणि मग त्या कागदातील हक्क-लवाजम्याची सारी यादी त्याला विसंगत वाटू लागते.