गोष्टीत पनवेल येऊ द्या : 'किशोर'च्या संपादकांना खुले पत्र

मा. संपादक, 'किशोर' मासिक,
महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ, पुणे.



पत्राचं कारण सरळच सांगते. अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी मराठीत वास्तवातली कथा-कादंबरी फार थोडी लिहिली जाते आणि जी लिहिली जाते तिच्यात आमच्या पनवेलसारख्या गावांना क्वचितच जागा मिळते. ती जागा 'किशोर'नं करून द्यावी, एवढी विनंती आहे. पत्र खुलं लिहिते आहे, कारण लेखक, चित्रकार, प्रकाशक, शिक्षक अशा सगळ्यांच्याच कानावर हे जायला हवं. पण मागणं तुमच्याकडे करते, त्याला कारणं आहेत. १९७१च्या नोव्हेंबरात सुरू झालेलं हे मासिक पन्नाशी ओलांडून चालू आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलालाही परवडतं, आणि त्याचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट वाचता येतात. मुलांच्या मासिकांमध्ये एवढा लांबचा पल्ला मराठीत फार थोड्यांना जमला आहे.

मी पनवेलमध्ये शनिवारी दुपारी मुलांचा वाचनवर्ग चालवते. येणारी मुलं सगळीकडची. कुणी कोळीवाड्यातलं, कुणी पटेल मोहल्ल्यातलं, कुणी खांदा कॉलनीतल्या सोसायटीतलं. कुणाचे वडील कळंबोलीच्या लोखंड बाजारात ट्रक चालवतात, कुणाची आई तळोज्याच्या एमआयडीसीत पॅकिंगला जाते. आणि काही मुलं नवी मुंबई विमानतळासाठी उठलेल्या गावांमधली.

त्यातलीच एक सातवीतली मुलगी. सुट्टीत सगळ्यांना एकेक गोष्ट लिहून आणायला सांगितलं होतं. तिनं रोहनची गोष्ट लिहिली. रोहन मोठ्या शहरात बंगल्यात राहतो, त्याच्याकडे टॉमी नावाचा कुत्रा आहे, तो एका आजोबांना रस्ता ओलांडून देतो, दुसऱ्या दिवशी शाळेत त्याचा सत्कार होतो. खाली अधोरेखित करून तात्पर्य. अक्षर सुरेख, शुद्धलेखन चोख. नंतर खाऊ खाताना ती मैत्रिणीला वेगळंच काही सांगत होती. डोंगर फोडायला सुरुंग लावला की त्यांच्या घरातली भांडी कशी वाजायची. "आमचे घरान" असं ती तेव्हा आगरी बोलीत सहज बोलून गेली. गावदेवीला टेम्पोतून नव्या जागी कसं नेलं. आजीनं जुन्या घराच्या दाराची सागवानी चौकट काढून आणली आणि हट्टानं नव्या घराला बसवली. ती बुटकी पडली, म्हणून बाबांना रोज वाकून आत यावं लागतं आणि विसरले की कपाळ आपटतं. सामान हलवायच्या दिवशी मांजर कुठंतरी गेली होती, तिला शोधायला ती दोनदा मागे पळाली आणि मार खाल्ला.

मी म्हटलं, हे का नाही लिहिलंस? ती म्हणाली, "ती गोष्ट थोडीच आहे? ते तर आमचं झालेलं आहे."

संपादक महोदय, या वाक्यासाठी मी हे पत्र लिहायला बसले. बारा वर्षांच्या मुलीची अशी पक्की समजूत झाली आहे की, आपलं झालेलं ते गोष्टीत येत नसतं. तिनं जे वाचलं त्यातूनच ही समजूत झाली. तिनं वाचलेल्या गोष्टींमधली मुलं बंगल्यात राहतात, त्यांच्या गावाला नाव नसतं, घरात भाड्याचा विषय निघत नाही, आईबाप कामावर जातात पण काम कसलं ते कळत नाही, आणि शेवटी मूल सुधारतं. पर्यावरण, मोबाईलचं व्यसन, स्वच्छता असा विषय आधी ठरतो, मग त्याला हातपाय फुटून रोहन तयार होतो. याला मी वास्तव म्हणणार नाही. ते प्रवचनच आहे, फक्त मुलाच्या तोंडून केलेलं.

खऱ्या गावातली, खऱ्या घरातली गोष्ट मराठीला मुळीच नवी नाही, म्हणून जास्त वाईट वाटतं. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. तिच्यात उपदेश आहे, पण तो बाजूला ठेवून बघा काय काय आहे: पालगड, दापोली, हर्णे ही खरी गावं, घरावर चढलेलं कर्ज, वसुलीला दारात आलेला सावकाराचा माणूस, आईचा अपमान डोळ्यांनी पाहणारा मुलगा. कर्ज हा शब्द मुलांच्या पुस्तकात नको, असं गुरुजींना वाटलं नाही. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या आणि चिंगी आपल्या शेजारच्या घरातली वाटावीत अशी उतरली. भा. रा. भागवतांनी फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात आलेला बनेश ऊर्फ फास्टर फेणे सायकलवर बसवला आणि खऱ्याखुऱ्या पुण्यातून पळवला. त्याची साहसं अचाट असतील, पण पुणं खरं आहे, म्हणून साहसंही खरी वाटतात. आमच्या वर्गातली पोरं फास्टर फेणे वाचताना मोबाईलवर पुण्याचा नकाशा उघडून बसतात. कुठला रस्ता, कुठला पूल, सायकलवरून किती वेळ लागेल, यावर भांडतात. त्यांना पनवेलचा असा नकाशा का मिळू नये? गाढी नदीचा पूल आहे, वडाळे तलाव आहे, एसटी स्टँडची गर्दी आहे, कर्नाळ्याचा सुळका घाटाच्या तोंडाशी उभा आहे, शिरढोणला क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडक्यांचं घर आहे. चोर पकडायला एवढा मुलूख पुरे.

आणि अलीकडची उदाहरणंही आहेत. ल. म. कडू यांच्या 'खारीच्या वाटा'ला २०१७चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. धरणात जाणाऱ्या गावाची, तिथल्या एका मुलाच्या नजरेतून सांगितलेली ती गोष्ट आहे. मी ती आमच्या विमानतळाकडच्या मुलांना मुद्दाम वाचून दाखवली. इतर वेळी चुळबुळणारी मुलं गप्प बसून ऐकत होती आणि संपल्यावर एकच कल्ला झाला. प्रत्येकाला आपल्या घराचं सांगायचं होतं. दोन वर्षांनी हाच पुरस्कार 'जंगल खजिन्याचा शोध' लिहिणाऱ्या सलीम मुल्लांना मिळाला, ते वनखात्यात काम करणारे. लहानांसाठी माधुरी पुरंदऱ्यांनी घर, गल्ली, शेजारी, मामाचं गाव यांतून केवढं जग उभं केलं. पण 'राधाचं घर' वाचून मोठी झालेली राधा सहावीत गेली की तिच्या हातात काय द्यायचं, हा प्रश्न मला दर जूनला पडतो. मोठ्यांच्या शेल्फवरून मी प्रकाश नारायण संतांचा लंपन काढून देते. काहींना तो झेपतो. सगळ्यांना नाही झेपत, आणि तो त्यांच्यासाठी लिहिलेलाही नाही.

अमेरिकेत बेव्हर्ली क्लिअरी नावाच्या बाई एका ग्रंथालयाच्या बालविभागात काम करायच्या. एका मुलानं त्यांना विचारलं, आमच्यासारख्या पोरांची पुस्तकं कुठं आहेत? ती नव्हती. म्हणून त्या स्वतःच लिहायला बसल्या आणि १९५० साली त्यांचं पहिलं पुस्तक आलं. त्यांची पात्रं पोर्टलंड शहरातल्या क्लिकिटॅट नावाच्या रस्त्यावर राहतात, आणि तो रस्ता तिथं खरोखर आहे. पुढं १९९५मध्ये जवळच्या बागेत त्या पात्रांचे पुतळे बसवले गेले. एका मध्यमवर्गीय वस्तीतली पोरं, एक कुत्रा, बापाची गेलेली नोकरी, एवढ्यावर एक शहर आपल्या मुलांच्या पुस्तकांत कायमचं राहिलं.

आमच्याकडे काय आहे ते थोडक्यात सांगते. विमानतळासाठी उलव्याचा डोंगर फोडून सपाट केला गेला, नदीचा प्रवाह वळवला गेला, दहा गावांतली माणसं उठली. ८ ऑक्टोबर २०२५ला उद्घाटन झालं, २५ डिसेंबरला पहिली प्रवासी विमानं आली-गेली. आता एक घर डोळ्यांसमोर आणा. आजोबा सिडकोनं घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी झालेल्या, जानेवारी १९८४च्या जासईच्या शेतकरी आंदोलनात होते. त्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले, हे ते दर वर्षी सांगतात. वडील २४ जून २०२१ला त्या आंदोलनाचे नेते दि. बा. पाटील यांचं नाव विमानतळाला द्यावं म्हणून बेलापूरच्या मोर्चात गेले. थोरला भाऊ आता त्याच विमानतळावर नोकरीला लागला आहे आणि पहिल्या पगारात त्यानं धाकट्याला बूट आणलेत. धाकटा तेरा वर्षांचा. त्याला विमानं आवडतात. हे घरात बोलावं की नाही, ते त्याला कळत नाही. यात खलनायक कुणी नाही आणि तात्पर्यही निघत नाही. असं घर मी कल्पनेनं रचलं आहे, पण आमच्या भागात ते कुणालाही ओळखीचं वाटेल. यातून कादंबरी का होऊ नये?

तालुक्यातल्या कातकरी वाड्यांवरची मुलं दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. शाळेच्या हजेरीपटावर त्यांचं नाव असतं, बाक रिकामा असतो. त्या बाकाशेजारी बसणाऱ्या मुलाच्या बाजूनंही गोष्ट सांगता येईल. ट्रकचालकाचा मुलगा घरी भोजपुरी बोलतो, शाळेत मराठी आणि खेळताना आगरी. कारखान्यांच्या सांडपाण्यानं वास मारणाऱ्या कासाडी नदीकाठच्या मुलांना वाऱ्याची दिशा वासावरून कळते. शेजारच्या खालापूर तालुक्यात १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली, त्या वाडीची काही मुलं आश्रमशाळेत होती म्हणून वाचली. आमच्या मुलांनी ही बातमी टीव्हीवर दिवसभर पाहिली. इतकं भयंकर त्यांना दाखवायला आपण कचरलो नाही, मग त्याबद्दल नीट, हळुवारपणे, पुस्तकातून बोलायला का कचरावं?

मात्र वास्तव म्हणजे नुसतं दुःख, अशीही एक सवय लागली आहे. गरीब मूल म्हटलं की डोळ्यांत पाणी आलंच पाहिजे. आमची पोरं अशी नाहीत. ती खोड्या काढतात, चिंबोऱ्या पकडायला शाळा बुडवतात, क्रिकेटवरून महिनाभर अबोला धरतात, आणि घरी कटकट चालू असली तरी दहीहंडीच्या सरावाला वेळेवर हजर असतात. त्यांचं हसणं जर गोष्टीत आलं नाही, तर तीही गोष्ट खोटीच.

तर 'किशोर'कडे माझं मागणं असं. वर्षातून निदान एक क्रमशः कादंबरी मोठ्या मुलांसाठी द्या आणि ती महाराष्ट्रातल्या एखाद्या खऱ्या, नाव असलेल्या ठिकाणी घडू द्या. एक वर्ष पनवेल, पुढच्या वर्षी जत, अक्कलकुवा, इचलकरंजी, कुठलंही. मुलांची वाक्यं त्यांच्या बोलीत राहू द्या. आगरी बोलणारं मूल निवेदनाची प्रमाण मराठी समजून घेतं; आगरी संवाद सोलापूरच्या मुलाला संदर्भानं समजतात, आणि नाही समजले तर तो कुणाला तरी विचारेल, ते चांगलंच आहे. गोष्टीखाली तात्पर्य आणि प्रश्न छापू नका. वर्गात ते काम होतंच. लेखकांना विषय देऊ नका, ठिकाण द्या. आणि चित्रकारानं ते ठिकाण पाहिलेलं असू द्या; सिडकोच्या वसाहतीतली चाळ आणि दादरची चाळ एकसारखी दिसत नाही, हे मुलं पहिल्याच चित्रात ओळखतात.

माझ्या बाजूनं एवढं करू शकते. येत्या उन्हाळ्याच्या सुट्टीत एक लेखक आणि एक चित्रकार आठवडाभर पनवेलला पाठवा. राहायची-जेवायची सोय आम्ही पालक मिळून करू. मुलं त्यांना हिंडवतील, पुनर्वसनाच्या प्लॉटवरची घरं दाखवतील, आजी-आजोबांशी गाठ घालून देतील. वीटभट्टीवरच्या कुटुंबांशी बोलायचं तर ती पावसाआधीच भेटतील, म्हणून मे महिना संपायच्या आत यावं. लिखाणाचा पहिला खर्डा छापण्याआधी आमच्या शनिवारच्या वर्गात वाचून दाखवावा, ही एकच अट. कंटाळवाणी पानं कुठली, हे मुलं तोंडावर सांगतात, आणि सहसा बरोबर सांगतात.

सातवीतल्या त्या मुलीला मी चौकटीची गोष्ट लिहायला सांगितली आहे. तिनं परवानगी दिली तर तीही तुमच्याकडे पाठवीन. जमेल तशी असेल, शुद्धलेखन सुधारा, बाकी काही बदलू नका. उत्तराची वाट पाहते.

आपली विश्वासू,
शनिवारच्या वाचनवर्गाची एक कार्यकर्ती,
पनवेल